धातुमळीतील लोखंड : चांदा प्रदेशातील पारंपरिक लोहनिर्मिती आणि ‘नासाडी’चा प्रश्न

प्रस्तावना

वर्धा नदीच्या काठावरील बल्लारपूर ही गोंड राजसत्तेची एक जुनी राजधानी. येथून पूर्वेकडे व ईशान्येकडे वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत आणि पुढे गडचिरोलीच्या अरण्यापर्यंत जो प्रदेश पसरला आहे, तो पूर्वीचा चांदा जिल्हा होय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे अस्तित्वात आले. या प्रदेशाचा इतिहास लिहिताना गोंड राजे, किल्ले, मंदिरे, मराठा व ब्रिटिश सत्ता यांची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. त्यामानाने येथील लोहनिर्मितीचा इतिहास उपेक्षित राहिला. त्याचे एक कारण असे की, या व्यवसायातील लोकांनी लेखी साधने मागे ठेवली नाहीत. त्यांनी मागे ठेवली ती काळी, जड, काचेसारखी चकाकणारी धातुमळ.

या मळीत लोखंडाचा मोठा अंश अडकून राहिलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय निरीक्षकांनी भारतीय भट्ट्यांविषयी जे लिहिले, त्यात ही गोष्ट देशी कारागिरांच्या उधळपट्टीचा पुरावा म्हणून वारंवार येते. पुढे हेच मत पाठ्यपुस्तकांतूनही रूढ झाले. प्रस्तुत लेखात या मताची तपासणी केली आहे. मळीत गेलेले लोखंड ही अज्ञानातून झालेली नासाडी होती, की त्या प्रक्रियेची ती रासायनिक किंमत होती, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी धातुशास्त्रातील साधे हिशेब, तांब्याच्या गाळणीशी तुलना आणि चांदा जिल्ह्याचा औद्योगिक इतिहास यांचा एकत्रित विचार केला आहे.

प्रदेश आणि परंपरा

विदर्भातील लोहनिर्मिती अतिप्राचीन आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. त्यात महापाषाणयुगीन वसाहतीबरोबर लोखंड गाळण्याची भट्टी, हवा आत सोडण्याच्या मातीच्या नळ्या आणि धातुमळ मिळाली. या वसाहतीचा काळ इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. वि. द. गोगटे यांनी तेथील लोहनिर्मितीचा रासायनिक दृष्टीने अभ्यास केला. वैदर्भीय लोहविद्येचा निश्चित पुरावा यामुळे हाती आला आणि त्या पुराव्यात मळीचे तुकडे महत्त्वाचे ठरले.

चांदा जिल्ह्यात ही परंपरा लोकस्मृतीतही टिकून होती. मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात गोंड राज्याच्या उदयाची आख्यायिका नोंदविली आहे. विखुरलेल्या गोंडांना एकत्र आणून माना सरदारांविरुद्ध उभे करणारा कोल भिल्ल नावाचा पुरुष या आख्यायिकेत येतो. दगडातून लोखंड काढण्याची विद्या त्यानेच गोंडांना शिकविली, असे ती सांगते. आख्यायिकेला इतिहास मानता येत नाही. तथापि, राज्यस्थापना आणि लोहविद्या यांची सांगड या समाजाने आपल्या स्मृतीत घातली होती, ही बाब लक्षणीय आहे.

ब्रह्मपुरी–सिंदेवाही पट्ट्यातील लोहारा, पिंपळगाव, असोला आणि गडचिरोलीकडील देवळगाव ही लोहधातुकाची ठिकाणे एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणांतून प्रसिद्धीस आली. लोहारा हे गावाचे नावच पुरेसे बोलके आहे. येथील धातुक प्रामुख्याने हेमॅटाइट जातीचे असून त्याचा दर्जा उत्तम मानला जातो. पारंपरिक भट्टीच्या दृष्टीने या दर्जाचे महत्त्व किती होते, हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

भट्टीतील हिशेब

पारंपरिक भट्टी ही मातीची, साधारणतः माणसाच्या उंचीपेक्षा कमी उंचीची असे. तीत लोणारी कोळसा व बारीक केलेले धातुक यांचे थर आळीपाळीने टाकत आणि चामड्याच्या भात्याने मातीच्या नळीतून हवा देत. भट्टीचे तापमान सामान्यतः १२०० ते १३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राही. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते. म्हणजेच या भट्टीत लोखंड कधीच वितळत नसे. कोळशातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू धातुकातील ऑक्सिजन काढून घेई आणि घन अवस्थेतील लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून सच्छिद्र गोळा तयार होई. हा गोळा तापवून घणाने ठोकला की आतील मळ पिळून निघे आणि थेट घडाईयोग्य लोखंड मिळे.

धातुकात लोखंडाच्या ऑक्साइडखेरीज सिलिका, म्हणजे गारेचा अंश असतो. भट्टीच्या मातीतूनही सिलिका येते. ती एकटी सतराशे अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे अशा भट्टीत ती दूर करण्याचा एकच मार्ग उरतो. लोखंडाच्या ऑक्साइडचा काही भाग तिच्याशी संयोग पावून फायालाइट हे संयुग बनवितो आणि ते सुमारे १२०५ अंशांना वितळते. अशी पातळ झालेली मळ भट्टीच्या तळाकडे वाहून जाते व लोखंडाचा गोळा मोकळा होतो. म्हणून मळीतील लोह हे त्या भट्टीचे द्रावक असते. ते मळीत गेले नाही, तर मळ वाहणार नाही आणि मळ वाहिली नाही, तर लोखंड एकत्र येणार नाही.

याची किंमत मोजता येते. फायालाइटमध्ये वजनाने सुमारे ५५ टक्के लोह असते. एक किलो सिलिका बाहेर काढण्यासाठी सुमारे १.८६ किलो लोह खर्ची पडते. शंभर किलो धातुकात ९४ किलो हेमॅटाइट आणि ६ किलो सिलिका आहे असे मानल्यास एकूण लोह ६५.७ किलो होते व त्यातील सुमारे ११ किलो, म्हणजे १७ टक्के, मळीत जाते. धातुकात २० किलो सिलिका असेल तर लोह ५५.९ किलो असते आणि मळीत ३७ किलो जाते. हे प्रमाण दोन तृतीयांश होते. सिलिकेचे प्रमाण २७ टक्क्यांच्या पुढे गेले, की तत्त्वतः सर्वच लोह मळीत जाईल आणि हाती काहीही लागणार नाही. अशा धातुकात एकूण लोह पन्नास टक्क्यांच्या आसपास असूनही त्या भट्टीच्या दृष्टीने ते निरुपयोगीच ठरते.

हा हिशेब आदर्श स्थितीचा आहे. प्रत्यक्षात भट्टीच्या भिंतीची माती विरघळते, काही धातुक अर्धवट राहते आणि मळीत मुक्त ऑक्साइडही असते. त्यामुळे नुकसान याहून अधिक होई. अशा भट्ट्यांच्या मळीत लोहाच्या ऑक्साइडचे प्रमाण सामान्यतः ५० ते ७० टक्क्यांपर्यंत आढळते. भट्टीवाल्याच्या कौशल्याचा विचार करताना या हिशेबाचे दोन भाग पाडावे लागतात. रासायनिक संयोगातून जाणारे लोह टाळणे कोणाच्याही हाती नव्हते. धातुकाची निवड, ते भाजून फोडणे, पाखडणे, गारेचे तुकडे वेचून टाकणे आणि भात्याचा वेग सांभाळणे या गोष्टी मात्र त्याच्या हाती होत्या. लोहाऱ्यासारख्या ठिकाणचे समृद्ध धातुक जवळ असणे हे म्हणूनच या व्यवसायाचे खरे भांडवल होते.

तांबे आणि लोखंड : एकाच मळीचे दोन अर्थ

या प्रश्नाचे स्वरूप तांब्याच्या गाळणीशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना परिसरात तांब्याचे खनिज आढळते आणि जुन्या मध्य प्रांतातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड ही देशातील प्रसिद्ध तांब्याची खाण आहे. तांब्याच्या गंधकयुक्त धातुकात लोखंड मोठ्या प्रमाणात असते आणि तेथे लोखंड हीच अशुद्धी असते. ते काढण्यासाठी भट्टीत मुद्दाम सिलिका टाकतात. लोखंडाचे ऑक्साइड तिच्याशी संयोग पावून मळीत जाते. ही मळही मुख्यतः फायालाइटचीच असते.

म्हणजे जे संयुग तांबे गाळणाऱ्याच्या दृष्टीने यशाचे लक्षण आहे, तेच लोखंड गाळणाऱ्याच्या खात्यावर तोटा म्हणून मांडले जाते. तांबे गाळणाऱ्याचा खरा तोटा वेगळा असतो. मळीत काही तांबे विरघळून जाते आणि काही तांब्याच्या सल्फाइडच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तरंगत राहते. भट्टीच्या प्रकारानुसार हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत असते. पुढील टप्प्यातील परिवर्तक भट्टीच्या मळीत ते त्याहूनही बरेच अधिक असते. तरंगणारे थेंब खाली बसू देण्यासाठी मळ काही काळ तप्त ठेवतात, विद्युत भट्टीत पुन्हा तापवितात किंवा थंड करून दळून तीतून तांबे वेगळे करतात. विरघळलेले तांबे मात्र सहजासहजी परत मिळत नाही.

धातुशास्त्राने तांब्याच्या बाबतीत केलेला हा भेद, म्हणजे विरघळून गेलेला धातू आणि अडकून राहिलेला धातू हा भेद, देशी लोहभट्टीला लावण्याचे कष्ट फारसे घेतले गेले नाहीत. मळीचे एकूण पृथक्करण करून त्यातील सर्व लोह ‘वाया गेले’ असे म्हणणे हे अर्धवट निदान आहे. मळीत धातुरूप लोखंडाचे कण किती, अर्धवट धातुक किती आणि फायालाइटमध्ये बांधलेले लोह किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कारागिराच्या कौशल्याविषयी काही बोलता येते.

मंडूर : मळीचे देशी मूल्य

मळ म्हणजे केवळ टाकाऊ वस्तू, हा दृष्टिकोनही सार्वत्रिक नव्हता. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात जुन्या लोहकिट्टास ‘मंडूर’ अशी संज्ञा आहे. शंभर वर्षांचे मंडूर उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम व साठ वर्षांचे कनिष्ठ अशी प्रतवारी रसग्रंथांत केलेली आढळते. ते तापवून गोमूत्रात विझविण्याची प्रक्रिया वारंवार करून त्याचे भस्म तयार करतात आणि पांडुरोगावर ते देतात. या औषधीच्या गुणावगुणांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, मळीत लोह आहे याची जाणीव या परंपरेस स्पष्टपणे होती आणि जुन्या ढिगाऱ्यांचे वय लक्षात ठेवण्याची एक व्यावहारिक गरजही तिने निर्माण केली होती.

वसाहतकालीन दृष्टी आणि मोठ्या कारखान्याचे स्वप्न

झोतभट्टीत परिस्थिती पूर्णपणे बदलते. तेथे चुनखडी टाकतात. सिलिकेशी चुन्याचा संयोग होतो, त्यामुळे लोह मोकळे राहते आणि मळीतील लोहाच्या ऑक्साइडचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याच्याही खाली येते. युरोपीय तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर हाच मानदंड होता. परंतु चुन्याची मळ वाहती ठेवण्यासाठी पंधराशे अंशांच्या आसपासचे तापमान, उंच भट्टी, जोरदार हवा आणि वरील भार पेलणारा कठीण कोक लागतो. शिवाय या तापमानाला लोखंड कार्बन शोषून बिडाच्या रूपात बाहेर पडते. बीड ठिसूळ असल्याने त्याची घडाई होत नाही. त्यासाठी शुद्धीकरणाचा दुसरा टप्पा आवश्यक ठरतो. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ किंवा वखराची पास करणाऱ्या लोहाराला गोळ्याचे लोखंड थेट उपयोगी पडत असे. मळीतील लोह वाचविण्यासाठी झोतभट्टी इंधन, यंत्रसामग्री व भांडवल यांच्या रूपाने वेगळी किंमत मोजत होती. ही किंमत चांदा जिल्ह्यात परवडेल काय, हा प्रश्न इतिहासाने प्रत्यक्ष प्रयोगानेच सोडविला.

१८७० च्या दशकात वरोरा येथील कोळसा खाण आणि तेथपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. लोहाऱ्याचे धातुक आणि वरोऱ्याचा कोळसा यांचा मेळ घालण्याची कल्पना त्यातून पुढे आली. जर्मनभाषी तज्ज्ञ रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहनिर्मितीच्या आर्थिक शक्यतांविषयीचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची परदेशात तपासणी करविली. ती निराशाजनक ठरली. वर्धा खोऱ्यातील कोळशात ओलावा व राख अधिक असून त्यापासून झोतभट्टीस योग्य असा कोक होत नाही. खनिकर्माचे तत्कालीन नियमही उद्योजकास जाचक होते. १८९९ मध्ये नियम शिथिल झाल्यावर टाटांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. १९०३-०४ च्या सुमारास अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी दोराबजी टाटा व शापूरजी सकलातवाला यांच्यासह चांद्याच्या जंगलात पाहणी केली. धातुकाचा दर्जा चांगला असला, तरी मोठ्या पोलाद कारखान्याला पुरेल असा साठा व कोळसा येथे एकत्र मिळत नाही, हे स्पष्ट झाले. नागपूरच्या संग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशावरून दोराबजींचे लक्ष दुर्ग जिल्ह्यातील डोंगरांकडे वळले. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या १९०४ च्या पत्रामुळे मयूरभंजचे साठे समोर आले आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कंपनीच्या साकची येथील कारखान्यात १९११ मध्ये लोखंड तयार झाले. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली आणि कोळशाचे केंद्र बल्लारपूरकडे सरकले. चांद्याचे धातुक आणि बल्लारपूरचा कोळसा मात्र झोतभट्टीत एकत्र आले नाहीत.

यावरून एक निष्कर्ष निघतो. मळीत लोह जवळजवळ न सोडणारी भट्टी या जिल्ह्यात तत्कालीन साधनांनी उभी राहू शकली नाही. मळीत लोह सोडणारी भट्टी याच जिल्ह्यातील धातुक, माती व लाकूड यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

ऱ्हासाची कारणे

देशी भट्ट्या बंद पडल्या त्या मळीतील नुकसानीमुळे, असे मानण्यास आधार नाही. ते नुकसान पूर्वीपासून होतेच. बदलले ते इंधन आणि बाजार. पारंपरिक भट्टीस लोखंडाच्या वजनाच्या अनेकपट लोणारी कोळसा लागे. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनंतर राखीव जंगले निर्माण झाली. लाकूडतोड व कोळसा पाडणे यांवर निर्बंध व शुल्क आले. दुसरीकडे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आणि पुढील दशकात वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग पोहोचल्याने आयात लोखंड आठवडी बाजारापर्यंत सुलभतेने जाऊ लागले. भट्टीवाल्याला लागणारे इंधन महागले आणि त्याच्या मालाला स्वस्त प्रतिस्पर्धी मिळाला. धातुगाळणीचे काम सुटले आणि आयात लोखंडाची घडाई करणारा लोहार तेवढा उरला.

येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. जंगल अमर्याद असेपर्यंतच ही भट्टी स्वस्त होती. गोळ्यामागे जळणाऱ्या लाकडाचा हिशेब पाहता ही पद्धती निसर्गाशी पूर्णतः सुसंगत होती असा गौरव करणे हेही एकांगी ठरेल.

आधुनिक चंद्रपूर आणि मळीचा नवा हिशेब

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चंद्रपूर परिसरात धातुउद्योग वेगळ्या स्वरूपात आला. १९७० च्या दशकात स्थापन झालेला महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट हा कारखाना २०११ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणात विलीन झाला. तेथे फेरोमँगनीज व सिलिकोमँगनीज ही मिश्रधातुके तयार होतात. या उद्योगातील एक प्रचलित पद्धती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. फेरोमँगनीजच्या भट्टीत मँगनीजचा मोठा अंश मळीत राहू देतात आणि तीच मळ सिलिकोमँगनीज बनविताना कच्चा माल म्हणून वापरतात. येथे मळीतील धातूला कोणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण पुढील टप्पा हाताशी असतो.

घुग्घुस येथे स्पंज लोखंडाचे उत्पादन होते, तर एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे २०१६ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाले आणि खंडानंतर २०२१ पासून ते पुन्हा चालू झाले. स्पंज लोखंडाच्या प्रक्रियेत लोखंड वितळत नाही, हे तिचे जुन्या भट्टीशी असलेले साम्य होय. फरक असा की, तीत मळ वेगळी निघतच नाही. धातुकातील सिलिका लोखंडातच राहते आणि पुढे पोलादाच्या भट्टीत काढली जाते. त्या मळीतही लोहाचे ऑक्साइड लक्षणीय प्रमाणात जाते. धातूचे नुकसान येथे नाहीसे झालेले नाही. ते एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर गेले आहे.

मळीचे ढीग : एक अलिखित दप्तर

वरील विवेचनाचा व्यावहारिक भाग इतिहाससाधनांच्या जतनाशी निगडित आहे. मळ गंजून सहज नष्ट होत नाही. तिच्यात अडकलेल्या कोळशाच्या तुकड्यावरून कार्बन-१४ पद्धतीने कालनिश्चिती करता येते. कोळशाच्या पेशीरचनेवरून कोणते लाकूड जाळले ते कळू शकते. मळीतील सिलिका आणि लोह यांच्या प्रमाणावरून धातुकाचा दर्जा व भट्टीचे तापमान यांचा अंदाज बांधता येतो. ढिगाचे घनफळ व वजन मोजल्यास तेथे किती लोखंड तयार झाले असावे, याची किमान व कमाल मर्यादा काढता येते. ज्या कारागिरांचे नाव कोणत्याही बखरीत वा महसुली कागदात नाही, त्यांच्या श्रमाचे मोजमाप करण्याचे दुसरे साधन उपलब्ध नाही.

असे ढीग शेतजमिनीच्या सपाटीकरणात, रस्त्याच्या भरावात आणि नव्या खाणकामात सहज नाहीसे होऊ शकतात. नकाशावर स्थान न नोंदविता मळ हलविली गेली, तर तिचे भट्टीशी, गावाशी व काळाशी असलेले नाते कायमचे तुटते. चंद्रपूर–गडचिरोलीतील महाविद्यालयांचे इतिहास, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन गावनिहाय नोंदी, छायाचित्रे, वजनमापे आणि नमुन्यांचे पृथक्करण करणे शक्य आहे. यासाठी मोठ्या उत्खननाची आवश्यकता नाही. उत्खननाचा अधिकार पुरातत्त्व खात्याकडेच राहावा. भूपृष्ठावरील नोंद, गावकऱ्यांची संमती आणि त्यांच्याकडील स्थाननामे व आठवणींचे संकलन एवढे जरी झाले, तरी पुढील संशोधनास पाया मिळेल.

निष्कर्ष

१) पारंपरिक लोहभट्टीच्या मळीतील लोहाचा मोठा भाग हा कमी तापमानात सिलिका दूर करण्यासाठी अपरिहार्यपणे खर्ची पडणारा भाग होता. तो संपूर्णपणे कारागिराच्या अज्ञानाचा पुरावा मानणे धातुशास्त्रीय दृष्ट्या चुकीचे आहे.

२) ‘नुकसान’ ही संकल्पना हिशेब कोणत्या धातूचा व कोणत्या टप्प्याचा आहे यावर अवलंबून असते. तांबे व लोखंड यांच्या गाळणीत एकाच प्रकारच्या मळीला परस्परविरोधी अर्थ प्राप्त होतात.

३) झोतभट्टी मळीतील लोह वाचविते, परंतु त्यासाठी लागणारा कोक चांदा जिल्ह्यात नव्हता. १८८२ ते १९०४ या काळातील प्रयत्न त्यामुळे फळास आले नाहीत.

४) देशी लोहनिर्मितीचा ऱ्हास मुख्यतः इंधनावरील निर्बंध आणि आयात लोखंडाची स्पर्धा यांतून झाला.

५) मळीचे ढीग हे या व्यवसायाचे जवळजवळ एकमेव दप्तर आहे. सुरजागडच्या निमित्ताने या प्रदेशातील लोखंडाची चर्चा पुन्हा सुरू झाली असताना, जुन्या लोहनिर्मितीच्या या खुणांची नोंद तातडीने होणे आवश्यक आहे. मळीत गेलेले लोखंड परत मिळविण्याची गरज आज कोणास नाही. तीत साठलेली माहिती मात्र ढीग जागेवर आहेत तोवरच मिळू शकते.